केळं धरून

आमचा मिक्सर गेल्या उन्हाळ्यापासून माळ्यावर आहे. तो खाली काढायचा विषय निघाला की आमचे हे उठतात, गॅलरीत जातात आणि कुंड्यांना पाणी घालायला लागतात. कुंड्या आधीच ओल्या असल्या तरी घालतात. मी चटणी खलबत्त्यात कुटते, इडलीचं पीठ शेजारणीकडून वाटून आणते. शेजारणीने दोनदा विचारलं, मिक्सर बिघडला का म्हणून. मी हो म्हटलं, कारण खरं सांगायला बसले असते तर चहा करावा लागला असता आणि मी रडले असते.

हे आयुष्यभर दीपनगरच्या वीज केंद्रात होते, कंट्रोल रूममध्ये. समोरच्या काट्यांवर डोळे लावून बसायचं, काटा जरा हलला की हातातलं सोडून उठायचं, असली नोकरी. निवृत्तीनंतर आम्ही जळगावला पिंप्राळ्यात घर घेतलं, आणि बघायला काटेच उरले नाहीत तेव्हा ह्यांनी स्वतःच्या शरीराकडे मोर्चा वळवला. साखर थोडी वाढलेली निघाली एवढं निमित्त पुरलं. चहा सुटला. त्याच्या जागी मिक्सर आला, तो साधासुधा नव्हे, बर्फाचाही भुगा करील असा.

मग रोज सकाळी घरघर. पालक, काकडी, आवळा आणि पुदिना असलं हिरवं पेय एक दिवस. बीट, गाजर आणि टोमॅटो असलं लाल दुसऱ्या दिवशी. ओट्स, खजूर आणि बदाम दुधात फिरवून तिसऱ्या दिवशी. ह्यांनी त्या पेयांचे नंबर लावले होते. हिरवं पहिलं, कारण त्यात लोह आहे आणि साखर नाही. लाल दुसरं. दुधातलं तिसरं, कारण ते पोटाला जड. चहा, सरबत, उसाचा रस आणि माझं ताक हे सगळे नापास. कोपऱ्यावरच्या ज्यूस सेंटरवर पोरं आइस्क्रीम घातलेला मँगो शेक पिताना दिसली की स्कूटर हळू करून हे माझ्याकडे मान वळवायचे आणि म्हणायचे, "पाहा, साखर पितायत." मी म्हणायचे, समोर पाहा, रिक्षा येतेय.

माझा पक्ष ताकाचा. आमचं भांडण खरं तर तिथेच सुरू झालं होतं, पार अक्का यायच्या आधी. माझं म्हणणं असं की ताक घुसळताना त्यातून लोणी निघून जातं, म्हणजे घुसळणं हे काढून घेणं आहे. मिक्सर मात्र काहीच काढत नाही, फक्त कोंबतो. पालकाची अख्खी जुडी, दोन काकड्या, वर चार आवळे हे कोणी ताटात वाढलं तर निम्म्यात हात धुवून उठाल. जबडा दुखेल, पोट पुरे म्हणेल. ग्लासातून तेच सगळं दोन मिनिटांत खाली उतरतं आणि पोटाला विचारायलाही सवड मिळत नाही. हे म्हणायचे, तोच तर फायदा आहे. रस गाळायचा नाही, चोथा ठेवायचा, हे त्यांचं दुसरं तत्त्व. गाळलेला रस म्हणजे साखरपाणी, चोथ्यासकट तेच खरं अन्न. ह्यात ते चुकीचे नव्हते, हे मी आजही मान्य करते. निरोगी माणसासाठी ह्यांचं बरंचसं बरोबरच होतं.

मग मे महिन्यात अक्का आली.

अक्का माझी सख्खी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आमचं माहेर धरणगावच्या बाजूचं, कपाशीचं. आई दिवसभर शेतात असायची, त्यामुळे मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेत रडत गेले तर मागोमाग येऊन दाराआड उभं राहणं, हे सगळं अक्काचं. ती लग्न होऊन धुळे जिल्ह्यात, शिरपूरकडे, तापीकाठच्या एका केळीवाल्या घरात गेली तेव्हा मी तिच्या पदराला धरून गाडीत चढले होते म्हणे. मला ओढून काढावं लागलं. पुढे मेव्हणे गेले, मुलगा शेती बघू लागला, आणि अक्का हळूहळू सुजत गेली. आधी पाय, मग डोळ्यांखाली. बीपीची गोळी ती आठवण आली तर घ्यायची. भाच्याने शेवटी गाडीत घालून तिला माझ्याकडे आणून सोडलं, कारण किडनीचे डॉक्टर जळगावात.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. किडन्या बऱ्याच थकल्यात, म्हणाले. पण अजून पार बंद पडलेल्या नाहीत. पथ्य नीट सांभाळलं तर मशीन लांबवता येईल. मशीन म्हणजे डायलिसिस. अक्काला तो शब्द माहीत होता. तिच्या जावेचा भाऊ त्या मशीनवर दीड वर्ष काढून गेला होता. बाहेर बाकावर येऊन बसल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "माले त्या मशीनवर नको बसाडू वं. माले तसंच मरू दे."

"तशी वेळच येऊ द्यायची नाही," हे म्हणाले. आणि मला त्यांचा चेहरा दिसला. कंट्रोल रूमचा चेहरा. त्यांना पुन्हा बघायला काटा मिळाला होता.

पथ्य सांगणाऱ्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. त्यांच्या जागी एक मुलगी होती, बिचारी घाईत, दारात रांग. मीठ कमी, लोणचं-पापड बंद, डाळ बेताची, पाणी मोजून. मग तिने विचारलं, "आजी, फळं खाता का?"

अक्का हसली. "आमना घर फळं कोन खास? फळं आजारी मानूसनं काम."

"छान. तशीच बंद ठेवा," मुलगी म्हणाली, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. मी तिथेच उभी होते, हे उभे होते, भाचा उभा होता. अक्का खोटं बोलली असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. ती खोटं बोललीही नव्हती.

घरी येताच ह्यांनी सूत्रं हाती घेतली. फळं बंद म्हटल्यावर खजूर गेला, आंबा गेला, डाळिंब गेलं. राहिल्या भाज्या, म्हणजे हिरवं आणि लाल पेय. आणि शहाळं. "शहाळं काय फळ आहे का? ते पाणी आहे," हे म्हणाले. मोबाईलवर कुठल्याशा माणसाने किडनी धुऊन काढणारं अमृत म्हणून शहाळ्याचं गुणगान केलं होतं. पाणी मोजून द्यायचं ना, मग जे मोजून द्यायचं त्यातला प्रत्येक घोट पौष्टिक का नसावा, असा ह्यांचा हिशेब. मला तो पटला. मी फक्त ताकासाठी भांडले. ताकात मीठ नका घालू, अळणी द्या, पण ताक द्या, उन्हाळा आहे. ह्यांनी ताक अर्ध्या वाटीवर आणलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण अक्काच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून गप्प बसले.

मे महिन्यातलं जळगाव. दुपारी कॉलनीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा दिवसांत तहानेल्या बाईला मोजून पाणी द्यायचं हे काम ज्याने केलं असेल त्यालाच कळेल. अक्का ग्लासाकडे बघायची तेव्हा मला दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं. हे मात्र सकाळी तिच्यासमोर ट्रे घेऊन बसायचे. लहान ग्लासात हिरवं. तासाभराने शहाळ्याचं पाणी. संध्याकाळी लाल. तिच्यासाठी चोथा अगदी बारीक व्हावा म्हणून मिक्सर दोनदा फिरवायचे. अक्का नाक मुरडायची.

"माले हाई हिरवं नको भाऊ. मी काय म्हैस शे का?"

"अक्का, म्हशीला कधी किडनीचा त्रास झालेला ऐकलाय का?"

मग दोघं हसायची आणि ती डोळे मिटून पिऊन टाकायची. ह्यांना स्वतःची बहीण नाही. त्या दिवसांत मला कधी कधी वाटायचं, अक्का माझी पाहुणी नाहीच, ह्यांचीच आहे.

भेटायला येणारे शहाळी घेऊन यायचे, आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं. ह्यांनी ती बाथरूमजवळ रचून ठेवली होती. आणि भाचा दर आठवड्याला गाडीबरोबर केळी पाठवायचा. व्यापाऱ्याची माणसं बागेत घड उतरवून नेतात तेव्हा जो जास्त पिकलेला किंवा आकाराने बारका, तो घरी राहतो. त्यातल्या दोन-तीन फण्या पोत्यात गुंडाळून पिंप्राळ्याला यायच्या. अक्काने त्या आपल्या खाटेखाली ठेवायला लावल्या होत्या, तिथे गार राहतात म्हणून.

इथे मला केळीवाल्या घराची रीत सांगावी लागेल, नाहीतर आम्ही सगळे वेडे होतो असंच वाटेल. मी लहानपणी सुट्टीत अक्काकडे जायचे. ओसरीवर आकड्याला कायम घड टांगलेला. पोरं येता-जाता एकेक तोडायची. भूक लागली म्हटलं की अक्का म्हणायची, केळं खा तोवर. त्या घरात केळं ही अशी 'तोवर'ची गोष्ट. भाकरी होईतोवर, गडी येईतोवर, पाऊस थांबेतोवर. चार केळी खाल्लेला माणूस संध्याकाळी शपथेवर सांगायचा की सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. आणि त्याचं कोणाला हसू यायचं नाही. फळ म्हणजे सफरचंद, डाळिंब, जे बाजारातून विकत आणायचं आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. केळं विकत आणायचं नसतं. ते शेतातलं, घरचं, गुरांनाही घालायचं.

त्यात अक्काचे उपास. सोमवार तिचा जन्माचा. किडनीचं कळल्यावर तिने त्यात गुरुवार आणि शनिवार वाढवले, मशीन टळू दे म्हणून. मी आरडाओरडा केला. ह्या वयात, ह्या आजारात उपास? हे मात्र म्हणाले, पोटाला विश्रांती मिळते, वाईट नाही. डॉक्टरांना विचारलं तर तेही म्हणाले, हलकं खाऊ देत, पण औषधं चुकवू नका. उपास म्हणजे काय खाता, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मी आता म्हणते. पण उपास म्हणजे काय हे काय विचारायचं असतं का? साबुदाणा अक्काला पचत नव्हता. त्यामुळे उपास म्हणजे केळं आणि दूध. सकाळी दोन, दुपारी दोन, संध्याकाळी मीच ती कुस्करून दुधात कालवून द्यायचे. सालं मीच बादलीत टाकायचे. ह्यात लपवाछपवी काहीच नव्हती. आमच्या तिघांच्या डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं.

जूनच्या सुरुवातीला, एका मंगळवारी सकाळी, अक्का खाटेवरून उठेना. मला वाटलं अशक्तपणा, उपासाचा. मी रागावलेच. "आणखी कर उपास!" असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "पाय उचलातच नही. कसं व्हयनं काय माहीत." मग तिने हात उचलायचा प्रयत्न केला आणि तोही खाली पडला. चेहरा घामाने भिजलेला, पण अंग थंड. ह्यांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. किती तरी वेळ बघत राहिले. "रिक्षा नाही," ते म्हणाले. "अॅम्ब्युलन्स."

दवाखान्यात छातीला वायरी लावल्या आणि कागद बाहेर आला तेव्हा तिथली डॉक्टर पोरगी जवळजवळ धावली. तिने कोणालातरी हाका मारल्या, शिरेत इंजेक्शन दिलं, मग दुसरं. आम्हाला पडद्याबाहेर काढलं. हे पडद्याच्या फटीतून त्या मशीनवरच्या रेषेकडे बघत होते. आयुष्यभर रेषा आणि काटे वाचलेला माणूस, त्यांना कळत होतं की ही रेषा बरी नाही.

थोड्या वेळाने ती डॉक्टर बाहेर आली. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलंय, म्हणाली, त्याने हृदय मंदावतं, थांबूही शकतं. किडनी चांगली असली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकते. आजींची टाकत नाही. "काय खाण्यात आलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "काल तर उपास होता. काहीच खाल्लं नाही."

ती आमच्याच भागातली असावी, रावेरकडची नाहीतर चोपड्याची, मी कधी विचारलं नाही. तिने मान जरा तिरकी केली आणि विचारलं, "मावशी, केळं धरून सांगा. केळं धरून काय खाल्लं?"

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. मी तोंड उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सालं आली, बादलीतली, रोजची. सोमवारची, गुरुवारची, शनिवारची. मी मोजायला लागले आणि मला मोजता येईना.

"आणि प्यायला?" तिने विचारलं.

हे उत्तर देऊ लागले. शहाळं. पालक. बीट. टोमॅटो. प्रत्येक शब्दावर त्यांचा आवाज खाली जात होता, कारण प्रत्येक शब्दावर ती मान हलवत होती. ती रागावली नाही. तिने फक्त सांगितलं की ह्या सगळ्यात पोटॅशियम खूप असतं, शहाळ्यात आणि केळ्यात तर फारच, आणि मिक्सरमध्ये फिरवलं की एका ग्लासात एवढं मावतं की माणूस ताटात तेवढं खाऊच शकत नाही. माझाच मुद्दा होता तो, जुना, ताकाच्या भांडणातला. त्या क्षणी तो बरोबर ठरल्याचा मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

त्याच दुपारी अक्काच्या मानेत नळी घालून तिला मशीनवर घेतलं. तिची परवानगी घेण्याइतका वेळ नव्हता. सही मी केली.

घरी आल्यावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. तुमचे ते नंबर, तुमचा तो मोबाईलमधला शहाणा, तुमचं ते अमृत. तुमच्याऐवजी दीपनगरच्या भट्टीला ठेवलं असतं तर तिने अक्काला जास्त बरं सांभाळलं असतं, असंही बोलले. खरं तर त्यांना म्हणता आलं असतं की केळी तू कुस्करत होतीस. एवढंच म्हणायचं होतं, मी मान खाली घातली असती. त्यांनी म्हटलं नाही. स्टूल घेतलं, मिक्सरचं भांडं धुवून पुसलं, वायर गुंडाळली आणि सगळं माळ्यावर ठेवलं. स्टुलावरून उतरताना त्यांचा पाय सटकला आणि मी धरलं, तेव्हा माझ्या रागातली हवाच गेली. ते माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना त्यांची आई गेली तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

भाचा दुसऱ्या दिवशी आला. येताना केळ्यांची फणी घेऊन आला. त्याला फोनवर सांगितलं होतं, तरी घेऊन आला, कारण त्या घरातून मोकळ्या हाताने कोणी निघतच नाही. दवाखान्याच्या दारात त्याला ते आठवलं आणि तो तिथेच उभा राहिला, फणी हातात धरून, आत येईना. शेवटी रिक्षावाल्याला देऊन टाकली. मला म्हणाला, "मावशी, मना हातनं मी..." मी त्याला म्हटलं, तुझ्या हातून नाही रे बाबा, आपल्या बठ्ठ्यांच्या, सगळ्यांच्या हातून.

मोठ्या डॉक्टरांना मी विचारलंच. हे झालं नसतं तर मशीन टळलं असतं का? ते म्हणाले, किडनी थकलेलीच होती, कधी ना कधी वेळ आलीच असती. सहा महिने, वर्षभर, नक्की सांगता येत नाही. मी त्या वर्षभराला धरून बसले आहे. ते अक्काचं होतं. ते वर्ष तिने तिच्या ओसरीवर काढलं असतं, मानेत नळी नसताना, हाताला टोचे नसताना. ते आम्ही तिला ग्लासात घालून पाजून संपवलं, मायेने, चोथ्यासकट.

अक्का आता आमच्याकडेच असते, कारण मशीन इथे आहे. आठवड्यातून तीनदा. तिने मला माफ केलं की नाही मला माहीत नाही, तिने तो विषयच काढला नाही. फक्त पहिल्यांदा शुद्धीवर आली तेव्हा मान हलवून त्या मशीनकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेबद्दल मी आजवर कोणाशी बोलले नाही. ह्यांना मात्र तिने जवळ बोलावलं. मी बोलत असेन ह्यांना, हे तिला न सांगता कळलं होतं. मला म्हणाली, "भाऊले काही बोलू नको. त्यास्नी माया करी."

आता मी भाज्या चिरून पाण्यात ठेवते, मग उकडते आणि ते पाणी ओतून देते. पालकाचं हिरवं पाणी मोरीतून जाताना बघते. ह्यांचा पहिला नंबर, सगळा मोरीत. शहाळी आणणाऱ्यांना मी दारातच सांगते की परत न्या, आणि लोक दुखावतात. एक बाई म्हणाली, नारळपाण्याने कोणाचं वाईट झालंय का? मी दार लावून घेतलं. माणसं फोनवर अजून विचारतात, अक्कांना काय ज्यूस वगैरे देता ना? मी नाही म्हणते. पेयांत कुठलं चांगलं, कुठलं वाईट हे आता मला विचारू नका, पिणारा कोण ते आधी सांगा. माझं ताकसुद्धा तिला अर्धी वाटीच मिळतं, आणि त्यातही मी नापास आहे हे मला दवाखान्यातल्या नव्या पथ्यवाल्या बाईंनी नीट समजावून सांगितलं.

एकदा अक्काने विचारलं, "मिक्सर कोठे शे? आवाज येत नही." हे गॅलरीत गेले.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मशीनच्या खोलीत गार असतं, अक्काला दोन चादरी लागतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की मशीन सुरू झाल्यावर, पहिल्या तासात, तिला एखादी आवडती गोष्ट अगदी थोडी द्यायला हरकत नाही, त्या वेळी रक्त धुतलं जातच असतं. मी विचारलं, केळं? त्यांनी तिचा रिपोर्ट चाळला. मग म्हणाले, दोन फोडी. त्याच्या वर नाही, आणि घरी मुळीच नाही.

मी बाजारातून केळं आणलं. विकत. आयुष्यात पहिल्यांदा अक्कासाठी केळं विकत घेतलं, एकच, आणि केळेवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की एक केळं कोण घेतं. ह्यांनी सुरी पुसून दोन फोडी कापल्या, डब्याच्या झाकणावर ठेवल्या, आणि उरलेलं केळं सालीत गुंडाळून खिशात घातलं. अक्काने आधी फोडींना बोट लावून पाहिलं. मग एक फोड तोंडात घातली. दात कमी आहेत, पण दूध नाही, कुस्करणं नाही, तिने ती चावून खाल्ली, हळूहळू, जेवताना खातात तशी. मग दुसरी. मग बोटं चाटली.

तेवढ्यात फेरीवरची नर्स आली. ती सगळ्यांना तेच विचारते, तिचं लक्षही नसतं बहुतेक. बीपीचा पट्टा सोडता सोडता म्हणाली, "आजी, काही खाल्लं का?"

ह्यांनी खिशातल्या सालीवर हात ठेवला.

"हां," अक्का म्हणाली. मोकळा हात वर करून तिने नर्सला दोन बोटं दाखवली. "केळं खादं मी."